लंगोटावरचें आवरण

बाळंतविडा म्हटला म्हणजे झबलीं, टोपडीं, कुंची, दुपटीं आणि जुन्या मऊ पातळांचे लंगोट, एवढ्या वस्तु आमच्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. अलीकडे त्यांत आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे लंगोटावरून घालावयाची चड्डी. आंत सुती लंगोट, बाहेर ही चड्डी. ओल आंतल्या आंत राहावी, मांडीवर घेणारीचें पातळ आणि खालची गादी कोरडी राहावी, हा तिचा हेतु. दिसावयास मोठी गोजिरवाणी. एखादीवर हत्ती, एखादीवर आंबे, एखादीवर चांदण्या. दुकानांत एकाच फळीवर दहा प्रकार मांडलेले असतात, आणि त्यांतील बहुतेकांवर "श्वास घेणारें कापड" असें छापलेलें असतें. कापड श्वास घेत नाहीं हें पांचवींतल्या मुलालाहि ठाऊक आहे. प्रश्न एवढाच कीं, तें आंतली वाफ बाहेर जाऊं देतें कीं नाहीं, आणि देत असल्यास किती. वाचणाराला हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरांत तान्हें मूल आहे, त्या घरांत ह्या क्षुल्लक प्रश्नावर एका जिवाची कातडी आणि दुसऱ्या जिवाची झोंप अवलंबून असते.

जुन्या काळीं ह्या चड्डीवांचून कोणाचें अडलें नाहीं, असें आमच्या सासूबाई म्हणतात, आणि तें खरें आहे. मुलाला तिकोनी लंगोट बांधीत, पुष्कळदां तोहि नसे. खालीं दुपटें, दुपट्याखालीं मेणकापड, आणि मेणकापडाखालीं गादी. म्हणजे पाणी अडविणारा थर मुलाच्या अंगाला नव्हे, तर अंथरुणाला गुंडाळलेला असे. ह्यांत मोठें शहाणपण होतें. कातडीला चहूंकडून वारा लागे. ओलें झालेलें तत्काळ दिसे आणि तत्काळ बदललें जाई. पण ह्या शहाणपणाचा खर्च कोणीं सोसला, हें सासूबाई सांगत नाहींत. त्यांच्या धाकट्या जाऊबाई आज हयात असत्या, तर त्यांनीं सांगितलें असतें. दिवसाकांठीं वीस-पंचवीस लंगोट आणि आठ-दहा दुपटीं न्हाणीघरांतल्या दगडावर घासावयाचीं, आषाढ-श्रावणांत तीं चुलीच्या उबेला धरून वाळवावयाचीं, आणि शेवटलें वाळतें न वाळतें तोंच पहिलें पुन्हां ओलें व्हावयाचें! घरांत बायकांचे हात पुष्कळ होते, आणि त्या हातांना दुसरें काम नाहीं असें सर्वांनीं गृहीत धरलें होतें. आज माझी सून सकाळीं साडेआठला कचेरीस जाते. तिला रात्रीं सलग चार तास झोंप मिळावी असें मला वाटतें, आणि तेवढ्यासाठीं लंगोटावर कांहींतरी आवरण हवें हेंहि मी मान्य करतें. वाद आहे तो तें आवरण कसलें असावें एवढाच.

हा वाद आमच्या घरांत निघाला तो नात चार महिन्यांची असतांना. तिच्या जांघेंत व मागें लालभडक पुरळ उठलें. लंगोट सोडतांना पोर कळवळून रडे; तें ऐकून कामावरची मावशीसुद्धां झाडू टाकून उभी राही. घरांत चार पिढ्या आणि प्रत्येक पिढीचें निदान वेगळें. सासूबाई म्हणाल्या, "आईच्या खाण्यांत तिखट जास्त झालें, दूध उष्ण पडलें." मुलगा धुण्याच्या पावडरीला दोष देऊं लागला. आमच्या धाकट्या जाऊबाई, ज्या अनेक वर्षें शाळेंत विज्ञान शिकवीत होत्या, त्या म्हणाल्या, "त्या चड्डीचा मला संशय येतो." पण वयाचा मान म्हणून प्रथम सासूबाईंचा उपाय झाला. सूनबाईनें आठ दिवस मेतकूट-भात आणि दुधीची भाजी खाल्ली, एक शब्दहि न बोलतां. पुरळ तसूभरहि हललें नाहीं. मुलाला कांहीं झालें कीं प्रथम त्याच्या आईचें ताट तपासावयाचें, ही आमच्या घरांतली फार जुनी खोड आहे. मला ती कधींच पटली नाहीं, आणि ह्या वेळीं तर तिचा मनस्वी राग आला.

नवव्या दिवशीं आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलों. त्यांनीं पाहतांक्षणींच सांगितलें कीं, ही बुरशी आहे. लाल पट्ट्याच्या कडेपलीकडे सुटे सुटे बारीक ठिपके होते आणि जांघेची घडीहि लाल होती. साध्या दाहांत बहुधा घडी वांचते, बुरशींत ती सुटत नाहीं. त्यांनीं बुरशीवरचें मलम दिलें, दिवसांतून जितका वेळ शक्य असेल तितका वेळ मुलीला उघडी ठेवा म्हणून बजावलें, आणि चड्डी दाखवा म्हणाल्या. मेतकूट-भाताशीं ह्या सर्वाचा कांहीं संबंध नव्हता.

लंगोटाखालीं काय घडतें तें समजून घेण्यासारखें आहे. फार वेळ ओली राहिलेली कातडी फुगते, मऊ पडते, आणि कापडाच्या घर्षणानें तिचा वरचा थर चटकन् दुखावतो. १९२१ मध्यें कूक नांवाच्या अमेरिकन डॉक्टरानें असें मांडलें कीं, मुलाच्या शौचांतील एक जंतु लघवींतल्या युरियापासून अमोनिया तयार करतो आणि तो अमोनिया कातडी जाळतो. दिवसभर सांठलेल्या लंगोटांच्या बादलीचें झांकण ज्यानें उघडलें आहे, त्याला हें मत पटावयास वेळ लागत नाहीं. पुष्कळ वर्षें तें रूढहि होतें. पुढें १९८६ मध्यें बर्ग, बकिंगहॅम आणि स्ट्युअर्ट ह्या संशोधकांनीं त्यांत महत्त्वाची दुरुस्ती केली. नुसता अमोनिया धडधाकट कातडीचें फारसें बिघडवीत नाहीं. मात्र त्यामुळें कातडीवरची स्वाभाविक आम्लता कमी होते, आणि ती कमी झाली कीं शौचांतील पाचक द्रव्यें जोर धरतात. जीं द्रव्यें आंतड्यांत दूध पचवितात, तींच मग बाहेर कातडी पचवूं लागतात, असें म्हटलें तरी चालेल. म्हणून लघवीनें ओला लंगोट थोडा वेळ राहिला तर एक वेळ चालेल, पण शौचाचा क्षणभरहि राहूं नये. आवरण घट्ट बंद असलें कीं ही सारी क्रिया उबेंत आणि दमटपणांत चालते, आणि बुरशीला तर ह्याहून सुखाची जागा दुसरी नाहीं. २००१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, एकदां वापरून टाकावयाच्या लंगोटांचा बाहेरचा थर वाफ जाऊं देणारा केला तेव्हां कॅन्डिडा नांवाची बुरशी व साधा दाह हीं दोन्हीं कमी झालेलीं आढळलीं. ते लंगोट कापडी नव्हते हें खरें. पण कातडी तीच, आणि वाफहि तीच.

पाणी अडवावें आणि वाफ सोडावी, ही दुहेरी मागणी माणसाला फार उशिरां सुचली. प्रथम नुसतें अडविण्याचीच हौस होती. स्कॉटलंडांतील चार्ल्स मॅकिंटॉश ह्यांनीं १८२३ मध्यें दोन कापडांच्या मध्यें रबराचा थर घालून पाणी न शिरणारें कापड करण्याचा एकाधिकार मिळविला. आमच्याकडे प्रसूतिगृहांत खाटेवर जो रबरी तुकडा अंथरतात, त्याला परिचारिका 'मॅकिंटॉश' म्हणतात तें ह्याच गृहस्थांवरून. खाटेवर तो योग्यच आहे. परंतु पुढें पाश्चात्त्य देशांत त्याच रबराच्या चड्ड्या करून मुलांना घालूं लागले, आणि मांड्यांवर वळ व आंत उबाळा, अशी पोरांची दशा झाली. ह्यांतून पहिली चांगली वाट एका आईनें काढली. अमेरिकेंत कनेक्टिकट येथें राहणाऱ्या मॅरियन डॉनोव्हन ह्या बाईंनीं १९४० नंतरच्या दशकांत न्हाणीघराचा पडदा कापून शिवणयंत्रावर एक चड्डी शिवली. नंतर त्यांनीं हवाई छत्रीचें नायलॉन वापरलें, टांचण्यांच्या जागीं दाबाचीं बटणें लावलीं, आणि मूल पाण्यावर तरंगतें ठेवणारी म्हणून तिला होडीवरून 'बोटर' असें नांव दिलें. १९४९ मध्यें ती न्यूयॉर्कच्या एका प्रसिद्ध दुकानांत विक्रीस आली, १९५१ मध्यें एकाधिकार मिळाला, आणि त्याच वर्षीं त्यांनीं हक्क दहा लक्ष डॉलरांना विकून टाकले. घरांतला धडका पडदा कापल्याबद्दल त्या दिवशीं त्यांना कोणी काय बोललें असेल, हा विचार माझ्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

आतां आमच्या चड्डीकडे वळूं. डॉक्टरीणबाईंच्या घरून परत आल्यावर जाऊबाईंनीं स्वयंपाकघराच्या ओट्यावर आपली प्रयोगशाळा मांडली. चार सारख्या पेल्यांत सारखेंच कढत पाणी ओतलें. एका पेल्याच्या तोंडावर जुन्या पातळाचा तुकडा, दुसऱ्यावर शेजारणीकडून आणलेल्या लोकरी चड्डीचें कापड, तिसऱ्यावर दुसऱ्या एका चांगल्या चड्डीचें, आणि चौथ्यावर नातीच्या रोजच्या चड्डीचें कापड ताणून बांधलें. कापड पाण्याला लागूं नये एवढी रिकामी जागा प्रत्येकांत ठेवली होती. मग फ्रिजमधून काढलेल्या चार वाट्या त्या कापडांवर पालथ्या घातल्या. पातळावरची वाटी उचलून पाहतों तों आंतून धुकटलेली. लोकरीवरचीहि थोड्याच वेळांत धुकटली. तिसरीवर चार-पांच मिनिटांनीं पुसटशी झांक आली. चौथी वाटी मात्र लख्ख कोरडी. आणि चड्डीचें कापड सोडून पाहिलें तर आंतल्या बाजूस थेंब लोंबत होते. हीच ती "श्वास घेणारी" चड्डी! दुकानदारानें वापरलेला माल परत घेत नाहीं असें सांगितलें, आणि त्यावर छापलेल्या शब्दांबद्दल तो कांहींच बोलला नाहीं. चड्डी विकत घेतांना घरीं एक तरी नग आणून हा पेल्याचा प्रयोग करावा, मगच पुढच्या घ्याव्या, असें मी तेव्हांपासून सर्वांना सांगत असतें. त्याला खर्च एक पेला पाण्याचा.

तिसऱ्या चड्डीच्या कापडाला दुकानांत 'पीयूएल' म्हणतात. बाहेर पॉलिएस्टरचें विणलेलें कापड आणि त्याला आंतून चिकटविलेला पॉलीयुरेथेनचा पातळ पापुद्रा, अशी त्याची रचना असते. त्या पापुद्र्यांतून थेंब जात नाहीं. वाफ मात्र त्यांत मुरून दुसऱ्या अंगानें हळूहळू बाहेर पडते. हळूहळू हा शब्द येथें महत्त्वाचा. ह्या कापडाला हवेशीर म्हणणें खोटें नाहीं, पण सुती कापडाइतकें हवेशीर समजून मुलाला तासन् तास त्यांत ठेवणें वेडेपणाचें आहे. त्याचा गुण असा कीं, तें झटकन् वाळतें, मळ धरीत नाहीं, आणि रोज धुतां येतें. उकळत्या पाण्यांत टाकूं नये आणि इस्तरी तर मुळींच फिरवूं नये. पापुद्रा सुटला कीं चड्डीचें फडकें झालें. फ्लीस नांवाच्या फुगीर पॉलिएस्टरच्या चड्ड्याहि मिळतात. त्यांतून वारा बरा खेळतो, परंतु त्या जाड व गरम. आमच्या हवेंत त्यांचें काम डिसेंबर-जानेवारीपुरतेंच.

मला खरें नवल वाटलें तें लोकरीचें. आणि खरें पाहतां वाटावयास नको होतें; कारण देशावरचा धनगर भर पावसांत घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन मेंढरांमागें उभा असतो, हें आपण लहानपणापासून पाहत आलों आहों. पाऊस घोंगडीवरून निथळतो, आणि आंतला माणूस प्लास्टिकच्या इरल्यांतल्यासारखा घामानें भिजत नाहीं. लोकरीच्या तंतूचा स्वभावच असा आहे. त्याचा पृष्ठभाग थेंबाला चटकन् आंत घेत नाहीं, पण त्याचा गाभा वाफ ओढून घेतो. आपल्या वजनाच्या सुमारें एकतृतीयांश ओल पोटांत घेऊनहि लोकर हाताला ओली लागत नाहीं. मग ती ओल ती सावकाश बाहेरच्या हवेला देऊन टाकते. मात्र घोंगडीची दख्खनी लोकर तान्ह्याच्या उपयोगाची नाहीं. तिचा तंतु जाड असल्यामुळें टोंचतो. तीस मायक्रॉनहून जाड तंतु कातडीला बोचतात. मेरिनो मेंढीची लोकर वीसच्या आसपासची, म्हणून तीच घ्यावी.

येथें विणणाऱ्या भगिनींना एक सूचना करावीशी वाटते. आपल्याकडे दुकानांत ज्याला सरसकट 'लोकर' म्हणतात, तो धागा पुष्कळदां ॲक्रिलिकचा असतो. स्वेटरला तो चालतो. लंगोटावरच्या चड्डीला चालत नाहीं, कारण वाफ पोटांत घेण्याचा गुण त्यांत नाहीं. धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यांत धरून काडी लावून पाहावा. खरी लोकर केस जळल्यासारखी घाण मारते, लौकर विझते, आणि तिची राख चिमटींत भुगा होते. ॲक्रिलिक वितळून त्याचा टणक काळा मणी होतो. एका आजीनें महिनाभर खपून नातवाला सहा चड्ड्या विणल्या आणि त्या साऱ्या मणी होणाऱ्या धाग्याच्या निघाल्या, हें मला ठाऊक आहे. तिला तें सांगण्याचा धीर मात्र अजून कोणाला झालेला नाहीं.

नव्या लोकरी चड्डीला लॅनोलिन पाजावें लागतें. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीवरचाच मेणासारखा स्निग्धांश; धुण्यांत तो निघून जातो, तो परत द्यावयाचा. अंगावर पाजणाऱ्या आयांसाठीं शुद्ध लॅनोलिनचें मलम औषधाच्या दुकानांत मिळतें, तेंच चालतें. अर्धा चमचा लॅनोलिन वाटीभर कढत पाण्यांत, बाळाच्या शांपूचे दोन थेंब टाकून, दुधासारखें होईपर्यंत ढवळावें. मग तें कोमट पाण्यांत मिसळून चड्डी उलटी करून रात्रभर बुडवून ठेवावी. सकाळीं पिळूं नये. पंचांत गुंडाळून दाबावी आणि सांवलींत आडवी वाळत घालावी. कढत पाण्यांत धुवून चोळली, तर लोकरीचे खवले एकमेकांत अडकून चड्डी बाहुलीच्या मापाची होते.

रोज धुवावी लागत नाहीं, हा ह्या चड्डीचा मोठा गुण. आणि घरांत विरोध झाला तोहि नेमका ह्याच गुणाला. लंगोट बदलला कीं चड्डी वाऱ्यावर टांगावी, वाळली कीं पुन्हां घालावी. शौच लागलें नसेल तर पंधरा-वीस दिवसांनीं धुतली तरी पुरते. सासूबाईंनीं कपाळाला आठ्या घातल्या. "मुताचें वस्त्र न धुतां परत अंगावर? माझ्या देखत नको." जाऊबाई विज्ञान सांगावयास सरसावल्या होत्या, पण मीं त्यांना खूण केली आणि सासूबाईंना विचारलें, "आपल्या सोंवळ्याची धाबळी रोज कुठें धूत होतां?" त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. लोकर न धुतांहि सोंवळी, हा नियम त्यांनीं आम्हां दोघींना पन्नास वेळां सांगितला होता. त्या कांहीं बोलल्या नाहींत; मात्र चड्डी हातांत घेऊन नाकाशीं धरली, आणि वास येत नाहीं अशी खात्री झाल्यावर परत दिली. शास्त्राचा असा उपयोग करणें कितपत योग्य, हें शास्त्र्यांनीं ठरवावें.

चड्डी कोणतीहि असो, ती मापापेक्षां किंचित् सैल असावी. मांडीशीं दोन बोटें सहज शिरलीं पाहिजेत आणि काढल्यावर वळ दिसतां कामा नये. आंतल्या लंगोटाची कड बाहेर डोकावत असेल, तर कितीहि उत्तम आवरण असलें तरी ओल त्या कडेनें वातीसारखी बाहेर येते. मग लोक चड्डीला बोल लावतात. कातडीला जाड मलम लावलें असेल तेव्हां मध्यें एक पातळ फडकें घालावें, नाहींतर तें लंगोटाला बसून त्याची शोषण्याची शक्ति जाते. आणि दोन-तीन तासांनीं बदलणें हें कोणत्याच कापडानें टळत नाहीं. कोंकणांतल्या पावसाळ्यांत तर बाहेरची हवाच इतकी दमट असते कीं, वाफेला बाहेर जाण्याची घाई उरत नाहीं. पेल्याच्या प्रयोगांत पहिली आलेली चड्डीहि तेथें मंदावते. वैशाखांत दुपारीं आम्ही नातीला चड्डी घालीतच नाहीं. दुपटें, मेणकापड, गादी, ही सासूबाईंची जुनी मांडणी तेवढा वेळ चालूं असते, आणि त्या स्वतः शेजारीं पंखा घेऊन बसतात.

पुरळ गेलें. मलमानें गेलें कीं चड्डी बदलल्यानें, ह्याबद्दल जाऊबाई आणि माझा मुलगा ह्यांच्यांत अजून मतभेद आहे; दोन्हीं एकदमच झाल्यामुळें निकाल लागण्यासारखा नाहीं. सध्यां आमच्याकडे पीयूएलच्या चार व लोकरीच्या दोन चड्ड्या आहेत. बाहेर जातांना पहिल्या, रात्रीं दुसऱ्या. रात्रीं दोनचा लंगोट मुलगा बदलतो, आणि सकाळची बादलीहि त्याच्याच वाट्याची आहे. ही वांटणी मीं लावून दिली, आणि ती लागल्यापासून स्वस्तांतली चड्डी घेऊं या असें तो एकदांहि म्हणाला नाहीं. नात आतां आठ महिन्यांची झाली, रांगूं लागली, आणि लोकरी चड्ड्या कमरेशीं आंखूड पडूं लागल्या आहेत. तिसरी, एक माप मोठी, सध्यां माझ्या सुयांवर आहे. कमरेची पट्टी चार बोटें विणून झाली. धागा काडी लावून पाहिला आहे. सासूबाई रोज संध्याकाळीं विचारतात, "धाबळी कुठवर आली?"